कोकणातलं घर मुंबईच्या फ्लॅटवरून काढू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरबरोबर घरसजावटीची जी पुरवणी येते ती आमच्याकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाते, त्यातले फोटो कापून ठेवणाऱ्या बायका आमच्या वाडीत आहेत, आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय. त्या पुरवणीतलं प्रत्येक किचन आणि प्रत्येक हॉल हा फ्लॅटमधला असतो. आठव्या नाहीतर बाराव्या मजल्यावरचा, डोक्यावर दुसऱ्याचा स्लॅब, बाजूला दुसऱ्याची भिंत. इकडे देवगड, मालवण, वेंगुर्ला, राजापूर, गुहागर, दापोली कुठेही जा, घराला वर कौलं नाहीतर पत्रा, चारी बाजू उघड्या, आणि नैर्ऋत्येकडून चार महिने पाऊस, तोही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त. ते फोटो समोर ठेवून इथे काम काढलं की दोन पावसाळ्यांत काय होतं ते मी आजूबाजूला बघतेय, आणि लोकांचे कष्टाचे पैसे असे जाताना बघून जीव तुटतो.

सध्या जिथे बघावं तिथे घराचं काम चालूच असतं. जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात घरांवरनं गेलं, मग मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, कौलं उडाली, पत्रे उडाले, माडच्या माड घरांवर पडले, आणि त्याच जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. छप्पर करायचंच आहे तर आतलंही करून घेऊ असं म्हणत म्हणत बऱ्याच जणांनी किचन-हॉल काढले. त्यात चाकरमानी रिटायर होऊन गावाला परत येतायत, कोणी सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत पाहुण्यांना दोन खोल्या द्यायच्या म्हणून घर सुधारून घेतंय. हे सगळं चांगलंच आहे. घरं बंद पडण्यापेक्षा लाख पटीने चांगलं. पण प्लॅन कोण काढतो आणि काय बघून काढतो यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं ठरतात आणि तिथेच घोळ होतो.

बहुतेक वेळा प्लॅन मुंबईहून येतो. दीर, नणंदेचे यजमान नाहीतर घरातला मुलगा ओळखीच्या इंटिरियरवाल्याकडून थ्रीडी चित्र करून घेतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यात फ्रिज कुठे, टीव्ही कुठे, सोफ्याचा रंग कुठला, सगळं असतं. पाऊस कुठून येतो ते नसतं. आमच्या गावात एक म्हातारे सुतार आहेत, ते कुठल्याही घरात कामाला गेले की आत शिरायच्या आधी बाहेरून एक फेरी मारतात आणि कुठल्या भिंतीला किती उंचीपर्यंत शेवाळ धरलंय ते हात लावून बघतात. मला म्हणाले होते, "वयनी, पाऊस खंयसून येता ता आधी बघूक व्हया, मगे खिडकी." याच्याहून चांगला नियम मला अजून कुठल्या मासिकात सापडलेला नाही.

आता पडवीचंच घ्या. हॉल मोठा करायचा म्हटलं की सगळ्यात पहिली कुऱ्हाड पडवीवर पडते. पडवीला स्लायडिंग खिडक्या लावून ती आत घेतली की हॉल एकदम सात-आठ फुटांनी वाढतो, फोटोत फार छान दिसतो, आणि पहिल्याच जुलैत आतल्या बाजूला ओल येते. कारण पडवी म्हणजे घराचं इरलं आहे. झड येते ती पडवी स्वतःवर घेते, पागोळ्या तिच्या बाहेर पडतात, आणि घराची खरी भिंत आत कोरडी राहते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो, त्याला समोरून पाऊस लागला की प्लास्टर कितीही चांगलं करा, ओल आत येणारच. पडवी आत घेतली म्हणजे काल जी जागा पाऊस खात होती ती आज तुमची हॉलची भिंत झाली, आणि त्याच भिंतीवर नेमकं टीव्ही युनिट ठोकतात. प्लायची पाठ, त्याच्या मागे ओली भिंत, मध्ये हवा नाही. पुढच्या गणपतीला ते युनिट हलवलं की मागे काळी बुरशी आणि वाळवीची मातीची रेघ दोन्ही एकदम दिसतात. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरात हेच झालं, त्यांनी डॅम्पप्रूफचा महागातला रंग दोनदा मारला, दोन्ही वेळा फुगे येऊन सुटला. पाणी बाहेरून येतंय आणि इलाज आतून चाललाय, कसं राहणार.

पडवी आत घ्यायचीच असेल तर तिच्या बाहेर पुन्हा चार-पाच फुटांची नवी छपरी काढा, पन्हळ लावा, मगच हात लावा. नाहीतर ती तशीच ठेवून नुसती बसायला नीट करा. मॅट फिनिशची लादी घाला, चकचकीत व्हिट्रिफाइड पावसात इतकी निसरडी होते की म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा. चांगला बाक, वर पंखा, झडीच्या बाजूला सोडायला पडदा किंवा जाळी. खरं सांगायचं तर कोकणातला लिव्हिंग रूम हा पडवीच आहे. दुपारी कोण आलं तर तिथेच बसतो, आंबे तिथेच निवडतो, पोरं अभ्यासाला तिथेच. घरातल्या हॉलमध्ये बसतो फक्त टीव्ही.

दुसरी कुऱ्हाड माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर. ओपन किचन पाहिजे. इथे मला हात जोडून सांगायचंय की फ्लॅटमधली भिंत आणि आमची भिंत एक नाही. फ्लॅटची बिल्डिंग बहुधा कॉलम आणि बीमवर उभी असते, मधली भिंत नुसता आडोसा असतो, तरीसुद्धा ती तोडायला इंजिनिअर लागतो. चिऱ्याच्या जुन्या घरात कॉलमच नाहीत. भिंत तीच कॉलम. तिच्यावर तुळई बसलेली, तुळईवर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर सगळ्या कौलांचा भार. ती भिंत मधनं आठ फूट काढायची तर आधी छपराला टेकू लावावे लागतात, वर बीम घालावा लागतो, त्या बीमला दोन्ही टोकांना पुरेसा टेका लागतो. हे लाद्या बसवणाऱ्याच्या शब्दावर करायचं काम नाही. "काय होत नाय हो" म्हणून घण मारतात आणि पावसात भिजलेली कौलं जड झाली की वासे खाली बसतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवायला जो खर्च येतो तो टाइल्सच्या बॉर्डरवर जातो त्यापेक्षा कमी असतो, पण तेवढा करायला लोक नको म्हणतात.

बरं भिंत पाडून मिळतं काय? आमच्याकडे रोज फोडणी, रोज मासे. बांगडा तव्यावर पडला की त्याचा वास आणि तेलाची वाफ सगळी हॉलमध्ये, पावसात तर बाहेर जायलाही मार्ग नाही, कारण खिडक्या झडीसाठी बंद. जुलैत हवा इतकी ओली असते की कपाटातले कपडे वास मारतात, तिथे सोफ्याच्या कापडात गेलेला वास निघणार कसा. चिमणी लावली म्हणतात, पण ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप नाही, नुसता कोळशाचा फिल्टर आहे, ती गरम दमट हवा फिरवून परत घरातच सोडते. पाइप काढायचाच तर पश्चिमेच्या तोंडावर काढू नका, वारा उलटा आत येतो, आणि त्याच्या टोकाला झडप आणि वर टोपी पाहिजे.

ओपन किचनमागची इच्छा मात्र मला पूर्ण पटते. स्वयंपाक करणारी बाई एकटी मागे धुरात आणि बाकीचं घर पुढे गप्पा मारतंय, हे बदलायलाच हवं. त्यासाठी भिंत पाडायला लागत नाही. मधल्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशी तीन-चार फूट रुंद खिडकी काढा, वर लिंटेल घाला, दोन फळ्यांची झडप लावा. बोलणं ऐकू येतं, ताटं तिथूनच पलीकडे देता येतात, माजघरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसावर आणि पोरांवर लक्ष राहतं, आणि तळणं सुरू केलं की झडप लोटून घेता येते. आमच्याकडे सासूबाईंना आता फार उठवत नाही, त्या या खिडकीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच "गो, कोकमा घातलंस की नाय?" विचारतात.

उजेड-हवेबद्दल एक आकडा सांगते कारण तो कोणी सांगत नाही. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये उष्ण-दमट हवेच्या भागासाठी खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश एवढं खिडकी-दाराचं उघडं क्षेत्र धरायला सांगितलंय, कोरड्या उष्ण भागासाठी एक दशांश. म्हणजे आमच्या १२० चौरस फुटांच्या किचनला २० चौरस फूट उघडं पाहिजे. वरच्या लॉफ्टसाठी, युनिटसाठी म्हणून खिडकी बुजवून एवढीशी ठेवतात तेव्हा हे आठवावं. आणि छपराला काचेचं कौल. दोन काचेची कौलं ओट्याच्या वर बसवली की सकाळी दहा ते चार दिवा लावावा लागत नाही, त्याला खर्च फार नाही, आणि नवीन काम करताना लोक नेमकी तीच खाली फॉल्स सीलिंग मारून झाकून टाकतात.

मला वाटतं मूळ चूक ही आहे की आपण तयार किचन उचलतो, ते ज्या पद्धतीने तयार झालं ती पद्धत उचलत नाही. आज जे मॉड्युलर म्हणून विकतात त्याची सुरुवात जिथून झाली असं मानतात ते किचन १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी काढलं होतं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढीच जागा. त्यांनी काय केलं, तर घरकाम करताना बाई किती पावलं चालते, कुठे वाकते, कुठे हात पोचत नाही याचे अभ्यास बघितले, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन बघितलं, आणि त्यावरून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. म्हणजे तिथल्या बाईचं तिथलं काम बघून ते किचन झालं. मग इथल्या बाईचं इथलं काम बघून इथलं किचन का होऊ नये? प्लॅन काढायच्या आधी एक अख्खा दिवस, शक्य असेल तर पावसातला, कोणीतरी त्या स्वयंपाकघरात बसावं आणि ती किती वेळा कुठे जाते ते कागदावर लिहावं. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्यातून येतं.

असं कोणी बसलं तर त्याला पहिल्या तासात कळेल की पुस्तकात गॅस, सिंक आणि फ्रिज असा जो त्रिकोण सांगतात तो आमच्याकडे पुरा पडत नाही. आमच्याकडे चौथा कोपरा आहे, मागीलदार. मासे तिथे साफ होतात, नारळ तिथे सोलतात, लाकडं तिथे, कढीपत्ता तिथे, खरकटं पाणी तिथल्या केळीला जातं, पावसाच्या आधी आगोट म्हणजे चार महिन्यांची बेगमी भरायची तर वाळवण आत-बाहेर तिथूनच. सिंक आणि मागचं दार यांच्यात सहा फुटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दिवसभर ओले पाय घेऊन घरभर फिरणं आलं. आणि मासे घरातल्या सिंकमध्ये साफ करायचे नाहीत, खवलं अडकून पाइप तुंबतो, वास जात नाही. मागच्या पडवीत छप्पर असलेली, बसून आणि उभं राहून दोन्ही पद्धतीने वापरता येईल अशी मोरी, वेगळी पाइपलाइन, वर एक नळ, बाजूला विळी ठेवायला उंच कोनाडा म्हणजे पोरांचा हात जाणार नाही. याला खर्च थोडा आणि सुख सगळ्यात जास्त, पण थ्रीडीमध्ये मागीलदार दाखवतच नाहीत म्हणून ते राहून जातं.

चूल काढून टाकू नका. मला माहितीय धूर छातीला वाईट, म्हणूनच ती किचनमध्ये नको, पण मागच्या पडवीत तिला वैलासकट, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या तोंडासकट, जागा द्या, वर धुराडं द्या. आंघोळीचं पाणी, उकडे तांदूळ करायचे, गणपतीत पंचवीस माणसांचा भात, आणि वादळानंतर चार दिवस लाईट नाही, रस्ता बंद, सिलेंडर येत नाही, तेव्हा चूल नसलेल्या घरांनी काय केलं ते तौक्तेच्या वेळी सगळ्यांनी बघितलंय.

ओट्याची उंची हा तर माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मेस्त्री सगळीकडे ठरलेल्या मापाने ओटा बांधतो, घरातली बाई चार फूट दहा इंच असो की पाच फूट सहा. सोपं आहे हो. जी रोज करणार तिने सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं, त्यातून साधारण चार इंच कमी करायचे. कोणाचे ३२ येतील कोणाचे ३५. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे आयुष्यभर खांदे आणि कंबर त्यावर अवलंबून. आमच्याकडे खोबरं खवायला, पालेभाजी निवडायला अजून खाली बसतात, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी ओट्याला लागून अठरा इंचांचा एक कट्टा काढा, त्यावर बसून सगळं होतं.

आता प्लायवूड. शहरातल्या शोरूममधनं तयार ट्रॉल्या आणि शटर येतात ते बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड नाहीतर एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डचे असतात, वर लॅमिनेट. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर त्याची काय गत होते ते बघायचं असेल तर सिंकच्या खालचं शटर उघडून खालची कड बघा. बिस्किट चहात बुडवल्यावर फुगतं तशी ती फुगते, लॅमिनेट सुटतं, स्क्रू धरत नाही, मग दार लोंबतं. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने मुलाच्या लग्नाआधी कर्ज काढून असं किचन केलं, तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचं सगळं काढून टाकावं लागलं, आणि दुकानदार म्हणाला पाण्याने झालेलं वॉरंटीत येत नाही. कोकणात राहून पाण्याने नाही तर कशाने होणार? प्लाय घ्यायचाच तर साधा एमआर घेऊ नका, एमआर म्हणजे नुसता दमट हवेपुरता, पाण्यासाठी नाही. आयएस ७१० हा मरीन प्लायचा नंबर, प्रत्येक शीटवर आयएसआयच्या शिक्क्यासोबत छापलेला असतो, तो दुकानात नाही, शीट घरी उतरवताना बघायचा, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर मारून घ्यायचा. स्टीलच्या ट्रॉल्या, बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या घ्या, २०२ खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते. अगदी बंदरावरचं घर असेल तर बाहेरच्या खिडक्यांच्या फिटिंगला ३१६ बघा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला जास्त टिकते.

पण माझं मत विचाराल तर ओट्याखाली प्लायच नको. चिऱ्याच्या नाहीतर विटांच्या उभ्या भिंती, आडवे कडप्पाचे कप्पे, आणि पुढे फक्त दारं, ती जुन्या लाकडाची. आमच्याकडे घर पाडताना जे फणसाचं, सागाचं, किंजळीचं लाकूड निघतं ते जुन्या लाकडाचे व्यापारी येऊन मातीमोल भावाने घेऊन जातात, आणि आपण त्याच पैशात फुगणारं बोर्ड आणतो. साठ-सत्तर वर्षं सुकलेलं ते लाकूड रंधा मारला की आतून पिवळंधम्मक निघतं, त्याच्या दारांना वर-खाली तिरप्या पट्ट्या ठेवल्या की आत हवा खेळते, बुरशी धरत नाही, झुरळंसुद्धा कमी. एक फळी वाळवीने खाल्ली तर गावातला सुतार एका दुपारी बदलून देतो. ट्रॉलीचा पार्ट मुंबईहून यायला महिना लागतो.

सिलेंडरच्या कपाटाबद्दल एक अतिशय महत्त्वाचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो खाली जमिनीलगत साचतो, वर जात नाही. म्हणून सिलेंडर बंद कपाटात ठेवत असाल तर त्या कपाटाला अगदी तळाशी जाळी पाहिजेच, आणि ती बाहेरच्या भिंतीत उघडणारी हवी. सिलेंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर, रबरी नळी आयएसआयची आणि ती कपाटाच्या लाकडातून भोक पाडून घुसमटत नेलेली नको, डोळ्यांना दिसली पाहिजे. दिसायला बरं नाही म्हणून नळी लपवतात, ते करू नका.

हॉलबद्दल बोलताना गणपती विसरून चालणार नाही. वर्षातले ते दिवस हे घर ज्यासाठी उभं असतं ते दिवस. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची चौकट, टांगायला वर वासा नाहीतर हुक पाहिजे. पीओपीचं फॉल्स सीलिंग मारलं की माटवी कशाला बांधणार? मग स्टँड आणतात भाड्याने. भजनी मंडळ येतं, वीस-पंचवीस माणसं, मृदुंग, पेटी, टाळ, त्यांना बसायला जमीन लागते, एल आकाराचा भलाथोरला सोफा आणि काचेचं टीपॉय नाही. बायकांना फुगडी घालायला जागा लागते. म्हणून बसायचं फर्निचर हलकं, दोघांनी उचलून पडवीत नेता येईल असं करा, भिंतीला लागून जुन्या पद्धतीचे बाक, आत गाद्या-उशा ठेवायला पेटी. शिवाय कौलांखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर, उदमांजर मुक्कामाला येतात, एक कौल सरकून गळायला लागलं तर पीओपीवर पिवळा डाग पडेपर्यंत कळत नाही, आणि डाग दिसेस्तोवर वर वासा भिजून कुजलेला असतो. उन्हासाठी सीलिंग हवंच असेल तर लाकडी फळ्यांचं, काढता येणारं करा. कौलं बदलताना जुन्या मंगलोरी कौलांवरचा छाप बघून एका कारखान्याची एकत्र ठेवा, वेगवेगळ्या छापांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि तिथेच गळतं.

कामाची वेळ हा आणखी एक मुद्दा, कारण अर्धी कामं वेळेमुळे बिघडतात. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावाला येणार तेव्हाच काम काढू असं ठरवतात. मे मध्ये विहिरी तळाला गेलेल्या, काँक्रीटला आणि प्लास्टरला निदान आठ-दहा दिवस भरपूर पाणी मारावं लागतं ते आणणार कुठून, टँकरचं पाणी कोण प्लास्टरवर मारणार. खाडीजवळ तर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारटतं, तेच काँक्रीटला वापरलं किंवा खाडीची न धुतलेली वाळू घातली की भिंतीला लोणा लागतो आणि आतलं लोखंड गंजून स्लॅबचे पोपडे पडतात. आणि मृग तोंडावर आलेला, म्हणून ओल्या प्लास्टरवर घाईने पुट्टी आणि रंग. दसऱ्याला काम काढा, विहिरीला पाणी असतं, हवा कोरडी होत जाते, मार्चपर्यंत रंगासकट हात मोकळे. आधी छप्पर आणि पन्हळ, मग वायरिंग आणि पाइप, मग प्लास्टर, मग लादी, सुतारकाम सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर शेवटचं राहू दे, पहिलं नको.

वायरिंग करतानाच अर्थिंग नवीन करून घ्या, कातळावर ते नीट लागत नाही म्हणून मीटरने तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारं बटण, बसवा, ओल्या भिंतीच्या घरात ते जीव वाचवतं. आणि घर सामायिक असेल तर हातोडा मारायच्या आधी सगळ्या भावंडांशी बोला, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या आकारणीच्या उताऱ्यावर, कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, कागदावर सह्या घ्या. किचनवरून कोर्टात गेलेली घरं इथे आहेत.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. पुरवणीत कोकणातल्या घरांचे प्लॅन छापा. जांभ्याची भिंत, कौलाचं छप्पर, पडवी, माजघर, मागीलदार धरून काढलेले, मापांसकट, लहान घराचा एक, मोठ्याचा एक, खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी एक. आर्किटेक्टबरोबर गावातल्या एखाद्या जुन्या गवंड्याला, सुताराला आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या एका बाईला त्यात बोलतं करा. रत्नागिरीला आणि मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहे, तिथल्या सिव्हिलच्या मुलांना प्रोजेक्ट लागतातच, त्यांनी आपापल्या तालुक्यातली दहा जुनी घरं मोजून त्यांचे नकाशे केले, कुठे ओल येते कुठे येत नाही ते लिहिलं, तर ते तुम्ही छापू शकाल आणि त्या मुलांनाही इथेच काम मिळेल. आज हे ज्ञान फक्त साठीच्या पुढच्या चार मेस्त्रींच्या डोक्यात आहे.

हे गणपतीच्या आठवड्यात छापलंत तर सगळ्यात बरं, त्या दिवसांत अख्खं कुटुंब घरात असतं आणि घराचं काय करायचं ते तेव्हाच ठरतं, दसऱ्याला काम काढणाऱ्यांच्या हातात प्लॅन वेळेवर पडेल. मापं घ्यायला मुलं पाठवायची झाली तर आमचं घर मोकळं आहे, जुलैत पाठवा, म्हणजे पाऊस कुठून येतो ते त्यांना प्रत्यक्ष बघता येईल.

आपली,
एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग